धक्का किती द्यावा

वहिनींना गल्लीत सगळेच वहिनी म्हणत. समोरचे दातांचे डॉक्टरसुद्धा, जे त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते. वहिनींचा धंदा जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून देण्याचा. वडिलांनी लहानपणी हातात तांब्याची तार दिली, ती काही सुटली नाही. त्यांच्या हातच्या कॉइल गावभरच्या पंपांत, पंख्यांत आणि मिक्सरांत बसलेल्या होत्या. पण पंप सुरू झाला की माणसं नळाकडे बघतात. मोटरकडे कोण बघतो? वहिनींना त्याचं वाईट वाटत नसे. निदान धाकटे दीर नोकरी सोडून घरी येऊन बसेपर्यंत तरी वाटत नव्हतं.

भाऊजींनी पुष्कळ नोकऱ्या केल्या होत्या आणि प्रत्येक नोकरीने त्यांना हसतमुखाने निरोप दिला होता. एक दिवस ते भंगारातून पिनबॉलचं मोडकं यंत्र घेऊन आले. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर सैरावैरा धावणारी पोलादी गोळी, गोळी खालच्या भोकात जाऊ नये म्हणून बटण दाबताच फटका हाणणारे दोन फ्लिपर, आणि मध्ये टोप्या घातलेले बंपर. हे बंपर इतके तापट की गोळी नुसती शिवली तरी तिला उडवून लावतात. वहिनींनी त्यातली एक जळकी कॉइल गुंडाळून दिली. भाऊजींनी बटण दाबलं. गोळी फाडकन वर गेली आणि वहिनी किंचाळल्या.

"काय गं झालं? शॉक बसला का?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई," वहिनी म्हणाल्या, "माझी कॉइल दिसली!"

तिथून घराला वेड लागलं. असलं यंत्र आपणच बनवायचं आणि विकायचं असं ठरलं. वहिनींचे यजमान विमा कंपनीत होते. कुठल्याही संकटाआधी मत द्यायचं नाही, ही त्यांना कचेरीतलीच सवय होती.

पिनबॉलची यंत्रं बनवणाऱ्या नव्या कंपनीपुढची पहिली अडचण अशी, की ती यंत्रं कुणाला नको असतात. दुसरी अडचण अशी, की ज्यांना हवी असतात त्यांना जुनीच हवी असतात. तिसरी अडचण म्हणजे सुटे भाग. फोनवर समोरचा विचारायचा, "किती हजार नग?" भाऊजी म्हणायचे, "चार." "चार हजार?" "नुसते चार." मग फोन कट. शेवटी गोळ्या बेअरिंगच्या दुकानातून आल्या, रबरं बरण्यांच्या झाकणांतून आली आणि गोळी वर चढायचा प्लास्टिकचा उतार वहिनींनी ओव्हनमध्ये भाजून वाकवला. पहिले उतार बिस्किटासारखे फुगले. एक तर इतका सुंदर फुगला की यजमानांनी तो कचेरीत पेपरवेट म्हणून नेला.

राहता राहिला विषय. अशा यंत्रावर गाजलेल्या सिनेमाची चित्रं लावतात. त्याला परवानगी लागते, परवानगीला वकील लागतो आणि वकिलाला आपण लागतो. म्हणून यांनी आपल्याच इमारतीचा जिना घेतला. यंत्राचं नावच 'जिना'. गोळी म्हणजे चुकून आलेला पाहुणा. ती पायऱ्या चढते, आणि प्रत्येक बंपर म्हणजे एका शेजाऱ्याचं दार. आवाज सासूबाईंनी दिले, अगदी फुकट आणि अतिशय मनापासून. दाराला गोळी लागली की "आत्ता नाही, नंतर या!" गोळी भोकात गेली की "आलात तसे चालते व्हा!" आणि यंत्र कुणी धसमुसळेपणाने हलवलं तर, "धक्काबुक्की करायची नाही!" हे शेवटचं वाक्य सासूबाईंनी असं म्हटलं होतं की माइकजवळ बसलेले भाऊजी उठून उभे राहिले होते.

ते वाक्य बोलायला लावणारी युक्ती साधी असते. यंत्राच्या पोटात एक लोलक लोंबतो, त्याच्याभोवती पितळेची कडी. गोळी वाचवायला थोडासा धक्का द्यावा, ती या खेळातली रीतच. पण धक्का फार झाला की लोलक कडीला लागतो, खेळ बंद पडतो. कडी जितकी मोठी तितका यंत्राचा स्वभाव सोशिक. गंमत अशी, की वहिनींच्या खोलीच्या भिंतीपलीकडे छापखाना होता. औषधांची खोकी छापणारं ते धूड सुरू झालं की कपाटातले चमचे वाजायचे, आणि 'जिना' हात न लावता ओरडायचा, "धक्काबुक्की करायची नाही!" मग वहिनी कडी थोडी फाकवायच्या. पुन्हा ओरडला की पुन्हा थोडी. होता होता तो गप्प बसला. छापखान्याची घरघर तर त्यांना केव्हाच ऐकू यायची बंद झाली होती.

आणि एकदाचं गिऱ्हाईक सापडलं. खेळांच्या मोठ्या हॉलचे मालक म्हणाले, "रविवारी आणून ठेवा. लोक खेळले तर असली पाच घेतो. नाही खेळले तर संध्याकाळी परत न्या. आमच्याकडे जागा स्क्रीनवाल्या खेळांनाच पुरत नाही."

"भाऊजी," टेम्पोत बसताना वहिनी म्हणाल्या, "हे परत आलं तर मी मुकाट्याने पंप गुंडाळणार आणि तुम्ही मुकाट्याने नोकरी शोधणार. मग हा विषय घरात काढायचा नाही."

"मी मुकाट्याने काही केल्याचं तुम्ही कधी पाहिलंय का?"

सासूबाईही आल्या. एवढं बोलून ठेवलं होतं, लोकांना ऐकू येतं की नाही ते बघायला नको?

पहिला खेळाडू दंड फुगवलेला पहिलवान गडी होता. गोळी भोकाकडे निघाली तसा त्याने यंत्राला हलकेच हिसका दिला. 'जिना' गप्प. त्याने जोरात हिसका दिला. गप्प. मग त्याने पुढचे दोन पाय उचलून यंत्र असं गदगदा हलवलं की गोळी खाली पडायची ती वर जायला लागली. यंत्र फरशीवरून चालत चालत एअर हॉकीच्या टेबलापर्यंत पोहोचलं आणि गुणांचा आकडा थांबायचं नाव घेईना.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. कितीतरी वेळ त्या स्वतःच्या वाक्याची वाट पाहत होत्या. त्या गड्याच्या मागे उभ्या राहून कडाडल्या, "धक्काबुक्की करायची नाही! हा जिना आहे, आगगाडी नव्हे!"

गड्याने यंत्र सोडलं ते थेट हात वर केले. मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, काय स्पीकर आहे!"

पाच मिनिटांत रांग लागली. लोक खेळायला येत नव्हते. ओरडून घ्यायला येत होते. सासूबाईंनाही चेव चढला. "चपला कुठे काढल्यास?" "तुझ्या आईला सांगेन हं!" एका टाय लावलेल्या गृहस्थाला तर त्यांनी "पोक काढ आधी" म्हणून सांगितलं आणि त्याने ताठ उभं राहून विक्रम केला. मालक हात चोळत आले.

"पाच नक्की! फक्त प्रत्येकासोबत एक आजी द्या."

"अहो, यंत्र बिघडलंय," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी त्यांच्या पायावर पाय दिला. "वहिनी, धंदा चाललाय!"

"धंदा आईंचा चाललाय, यंत्राचा नाही. पाय काढा." मग त्या मधेच थांबल्या, फरशीला हात लावून पाहिला, भिंतीला कान लावला. "अहो भाऊजी, इथे काहीच हलत नाहीये! आपण याला छापखाना सोसायला शिकवलंय. याला माणसाचा धक्का म्हणजे मुंगी चावल्यासारखा!"

"मग दुरुस्त करा," मालक म्हणाले. "संध्याकाळपर्यंतच सांगितलंय मी. आजी तर त्याआधीच दमून बसतील."

"मी बसत नसते," सासूबाई म्हणाल्या आणि बसल्या.

वहिनींनी पुढचं झाकण उघडलं, चिमटा घेतला आणि कडी आवळायला हात घातला तो तसाच राहिला. आवळायची किती? आजवर माप छापखान्याचं होतं. इथे माप कशाचं घ्यायचं? त्यांनी मान बाहेर काढली आणि रांगेला विचारलं, "किती धक्का तुम्हाला रास्त वाटतो?"

असा प्रश्न लोकांना सहसा कुणी विचारत नाही. सगळे एकदम बोलायला लागले. एकेक जण पुढे येऊन धक्का देई, वहिनी पोटातून चिमटा फिरवत, आणि बाकीचे निकाल देत.

"एवढ्याला बंद? ही काय हुकूमशाही आहे?"

"आणि मघाशी पाय उचलले ते काय, लोकशाही?"

"तळहाताने टपली चालू दे ना!"

"टपली ठीक. ढकलणं नाही."

चष्मेवाल्या एक बाई रांगेतून पुढे आल्या. त्यांनी पर्स शेजारणीकडे दिली, यंत्राला कमरेने एक नाजूक टोला हाणला आणि गोळी अलगद वळून फ्लिपरवर आली. रांगेने टाळ्या वाजवल्या. ठरलं: कमरेपर्यंत माफ, खांदा लावला तर खेळ खलास. वहिनींनी कडी त्या मापाला आणली आणि झाकण लावलं.

"या हो पहिलवान. लावा खांदा."

गडी बिचकत आला, खांदा लावला. दिवे विझले, फ्लिपर लुळे पडले आणि यंत्राच्या पोटातून आवाज आला, "धक्काबुक्की करायची नाही!" लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. भाऊजी एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले. तो माणूसही हरकत न घेता उड्या मारत होता.

"माझा आवाज इतका किरटा आहे?" सासूबाईंनी विचारलं.

मालक मात्र रांगेकडे बघत होते. आजी खुर्चीत बसल्या होत्या, तरी रांग हलली नव्हती. उलट मागे वाढली होती. पुढचा माणूस कमरेने टोले द्यायचा सराव हवेतच करत होता.

"पाच," मालक म्हणाले. "आजी नसल्या तरी पाच. आणि कडी अशीच हवी, केसभर इकडेतिकडे नको."

भाऊजी कधीपर्यंत देतो ते सांगायला लागले. वहिनींनी ते ऐकलंच नाही. त्यांनी हात पुसले, चिमटा पिशवीत टाकला आणि सरळ बटणांकडे हात नेला. इतके महिने यंत्र तपासलं होतं, पण खेळ म्हणून एक डाव त्यांनी कधी खेळलाच नव्हता.

"ओ बाई," कुणीतरी मागून खेकसलं, "इथे रांग आहे, दिसत नाही का?"

"दिसते ना!" वहिनी म्हणाल्या. त्यांना एवढं हसू आलं की एअर हॉकीच्या टेबलाला धरून उभं राहावं लागलं. मग पदर खोचून त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, आणि पुढच्या माणसाला विचारू लागल्या, "फार वेळ लागतो का हो?"