धबधब्यामागची पंगत

अख्ख्या वऱ्हाडात त्या वर्षांत ज्याच्या डोक्यात कापूस नव्हता असा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला, आणि माझ्यासारख्या कालच्या दलालाच्या बोटात अंगठी अन् डोक्यात वारं एकदमच शिरलं. मामाजी मात्र अंजनगावच्या वर, डोंगरात, आपल्या शेतालगतच्या धबधब्याकडे बघत बसत. पावसाळा सरला की लोक कपाशीची बोंडं बघत. हे कड्याला दोरी लावून धबधबा किती मागे सरकला ते बघत. शेजाऱ्याने "यंदा कसं काय, पाटील?" विचारलं, की उत्तर यायचं, "यंदा बोटभर सरकला." मग त्या बिचाऱ्याची सुटका नसे. "वरचा काळा दगड टणक, खालचा लाल थर मऊ. पाणी उसळते अन् लालाले खाते. काळा अधांतरी लटकते, अन् एक दिवस कोसळते. असा हा मांगं मांगं चालून राहिला, बापा." श्रोता मिळाला नाही तर ते हे बैलालाही समजावून सांगत; बैल निदान मध्येच उठून जात नसे.

पाहुणे जात. मामाजींच्या धाकट्या लेकीला बघायला आलेली तीन स्थळं धबधबा ऐकून परतली होती. म्हणून मी अकोल्याचं चौथं स्थळ आणलं, तेव्हा मामाजींकडून आधी वचन घेतलं: पाहुण्यांचं जेवण होईपर्यंत दगडाचं नाव काढायचं नाही. एवढी हुशारी दाखवून मी काय केलं, तर निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची पंगत थेट धबधब्यामागच्या कपारीत मांडली! सावली, गारवा, समोर पाण्याचा पडदा. अकोलेकरांवर छाप पडायला आणखी काय हवं?

मुलाच्या वडिलांनी पहिला घास घेतला आणि मामाजी तिथे पोचले. त्यांनी वर दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उठा!"

"मामाजी, वचन..."

"वचन गेलं चुलीत. उठा, पाहुणे!" आणि मनगट धरून त्यांनी त्या घरंदाज माणसाला उष्ट्या हातानिशी उन्हात आणून उभं केलं. घास घेतल्यावर पानावरून उठलं की जेवण संपलं, पुन्हा बसायचं तर आंघोळ करूनच, असा पाहुण्यांचा नेम.

"मले भरल्या पानावरून उठवता? काहून?"

मामाजींनी पत्रावळीवर भाताचा ढीग रचला, त्यावर अर्धा रोडगा ठेवला आणि पुढून वरणाची धार सोडली. भात खालून वाहत गेला, रोडगा डुलला, कलंडला, आणि वरण पाहुण्यांच्या कोऱ्या धोतरावर उडालं.

"पाह्यलं? असं होते."

मी डोळे मिटून घेतले. चौथंही गेलं.

तेवढ्यात उघड्यावरच्या जाळापाशी बसलेली धाकटी म्हणाली, "काकाजी, खालच्या डोहात आंघोळ करा अन् नव्यानं बसा. दुसरे रोडगे निखाऱ्यात टाकले हायेत."

"कवा टाकले?"

"भाऊजींनी तिथं पंगत मांडली तवाच. बाबा उठवतील, हे मले माहीतच होतं."

"मंग भाऊजीले सांगितलं काहून नाही?"

"ते आयकतेत काय?"

अकोलेकरांनी लटकत्या दगडाकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की मीही एक डोळा उघडला. डोहातून ते निथळत वर आले ते बोलतच. "बाप जिवाले जपते, पोरगी पोटाले. आमाले हेच घर पायजे!"

तो दगड अजून पडलेला नाही. मी डिवचलं की मामाजी म्हणत, "पडन. घाई तुमाले हाय, पाण्याले नाही."

लग्न त्याच माघात झालं. पाठवणीला धाकटी छकड्यात बसली. डोळे ओले, पण हसत होती. बैल चालू लागले तसे मामाजी चाकाला हात लावून बरोबर चालत निघाले. डोंगर झिजेपर्यंत वाट बघणारा हा माणूस शिवेपाशी मात्र गाडीवाल्यावर खेकसला, "हळू हाक ना रे! अकोला कुठं पळून चाललं काय?"