पिल्लं अजून लाल आहेत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं तरी काय आहे — माशांची तर गोष्ट! पण तुम्ही जवळ बसला आहात, तर ऐका.

तंजावरचं राज्य खालसा झालं, यांची शिलेदारी गेली आणि आम्ही कुंभकोणात येऊन समया विकू लागलो. तलवार सुटली म्हणून यांनी गळ धरला. आणि गळ टाकण्यापेक्षा तळं निवडण्यातच यांचा जीव! कुठं कमळं माजली, कुठं पाणी गढूळ झालं — आदल्या दिवसापासून माझ्यापुढे तीच घोकणी. शेवटी जायचे मात्र इन्नंबूरलाच. तिथं तळ्याला लागून यांचा मित्र मुत्तू राहायचा.

मरळ माशाची पिल्लं लाल असतात तोवर आई-बाप त्यांना सोडत नाहीत. तेव्हा गळ टाकायचा नाही, काठाकडे फिरकायचंसुद्धा नाही, असा यांचा आणि मुत्तूचा नेम. पिल्लं काळी पडून पांगली की मुत्तू दहीवालीबरोबर निरोप धाडायचा. निरोपाशिवाय हे पाऊल उचलायचे नाहीत — मोठे मानी!

एका वर्षी निरोप आला तेव्हा हे दुकानात होते. आणि मी — कसं सांगू? इन्नंबूरहून हे हसत यायचे हो. माझ्याशी बोलणं काय, तर सांबारात मीठ कमी! मला मुत्तूचा हेवा वाटला. सवतीचा वाटावा तसा. दहीवालीला म्हटलं, "यांस सवड नाही म्हणून सांग." आणि संध्याकाळी यांना म्हटलं, "पिल्लं अजून लाल आहेत म्हणे."

मग तळं मी निवडलं — तिरुवलंचुळीचं. विनायकाच्या दर्शनाचं निमित्त, बैलगाडीत आम्ही दोघंच. मी गळाला गांडूळ लावून द्यायचे आणि हे मला "शिलेदारीण" म्हणून चिडवायचे. खोटं कशाला बोलू? तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मुत्तूनं आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच उत्तर धाडलं. पुढच्या वर्षी निरोप आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दहीवालीनं मुत्तू गेल्याचंच सांगितलं.

हे रडले नाहीत. पण तेव्हापासून ओसरीवर बसून आपलीच चूक शोधत राहिले. "अगो, त्याचा गळ आणला तो मी परत दिला नाही. त्याचा राग धरला असेल काय?" कधी म्हणायचे, "त्याच्या गळाचा मासा निसटला त्यास मी चारचौघांत हसलो होतो, ते मनास लागलं असेल?" किती वर्षं! मी समोर भाजी चिरत असायचे. खरं काय ते सांगायला कितीसा वेळ लागला असता?

"असेल," मी म्हणायचे.