मावशीच्या भिंतीवरची माशी

माझी मावशी बायकांचे कपडे शिवायची. अक्षरओळख नव्हती, म्हणून गिऱ्हाइकाच्या मापाच्या कागदावर ती नावाऐवजी खूण काढायची. शाळेच्या बाईंना चष्मा, बडबड्या नर्सला पोपट. नाकावर माशी बसू न देणाऱ्या एका बाईला तिनं मुद्दाम माशीच दिली होती. ते कागद भिंतीभर खिळ्यांना टांगलेले असत.

माझ्या धाकट्या बहिणीनं सोळाव्या वर्षी शाळेत सरकारविरुद्ध पत्रकं वाटली. धरपकड सुरू झाली तेव्हा मावशीनं तिला त्याच भिंतीमागच्या अडगळीत एकोणीस दिवस लपवलं. पुढं आम्ही दोघी बहिणी देश सोडून आलो. मावशी आली नाही. "माझी गिऱ्हाइकं काय उघडी फिरतील?" म्हणाली.

वीस वर्षांनी धाकटीनं त्या दिवसांवर चित्रपट काढला, सगळा हातानं काढलेल्या चित्रांचा. पात्रांच्या मागची घरं-रस्ते रंगवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तिनं बजावलं होतं, "ताई, दुकान ओळखू येता कामा नये. मावशी अजून तिथंच आहे."

बदललं की! शिंपीणबाईचा म्हातारा शिंपी केला, दार हलवलं. पण भिंत नुसती कोरी, मेल्यासारखी दिसायची. चार दिवस डोकं आपटलं. शेवटी, धाकटीनं सगळं पास केल्यावर, गुपचूप खुणा रंगवल्या. चष्मा, पोपट, माशी, जशाच्या तशा. म्हटलं, दोन सेकंदांचं दृश्य, कोण बघतंय? माझ्या हाताला कीड लागायला हवी होती तेव्हा.

पहिल्या खेळाला ती भिंत आली आणि धाकटीनं माझा हात गच्च दाबला. मला वाटलं, आनंदानं. टाळ्या पडल्या, मी शेफारले. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "काय केलंस हे?"

चित्रपट चोरून तिकडंही पोचला. दोन महिन्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून मावशी बोलली.

"मला दाखवलं गं ते चित्र. चौकीवरचा साहेब म्हणजे त्या माशीवाल्या बाईचाच मुलगा. लहानपणी आईबरोबर यायचा, माझ्या गुंड्या सांडायचा. त्यानं बरोबर ओळखलं."

"मावशी, मारलं का तुला?"

"छे, या वयात काय मारायचं! दोन दिवस खुर्चीवर बसवून ठेवलं. दुकानाला कुलूप ठोकलं, मशीन नेलं. आता हातच रिकामे, दिवस जात नाही बघ."

मला रडूसुद्धा येईना. इतकी लाज वाटत होती.

"सारखं विचारत होते, काढलं कुणी हे? तुझं नाव घेत होते मेले. मी ठणकावून सांगितलं, घरचं माणूस माझ्या जिवावर उठेल का? कुणीतरी परकंच असणार. खरं ना गं?"

"खरं, मावशी," मी म्हणाले.

"हां. तेच म्हटलं मी," ती म्हणाली, आणि तिनं हुश्श केलेलं मला फोनमधून ऐकू आलं.