पानशेत रस्त्यावरचा सरकारी दगड

“यायचं तर ये, पण तिथे दगडाचा विषय काढायचा नाही,” आमचे हे सकाळचा चहा पिताना म्हणाले, आणि जायचं मी त्याच क्षणी नक्की केलं. तोवर गुडघ्याचं निमित्त करून घरी बसायचा बेत होता.

झालं असं, की जुन्या गाड्या पोटच्या पोरासारख्या जपणाऱ्या आमच्या क्लबच्या मंडळींनी एक स्मरणफेरी काढायची ठरवली. पुणे ते पानशेत. नव्या गाड्यांची बुकिंगं नुकती सुरू झाली होती आणि पेठेतल्या दर बोळात कॉम्प्युटरचा क्लास निघत होता, त्या दिवसांत आम्ही याच रस्त्यावर रॅली केली होती. चालवायला हे, शेजारी हिशेबाला मी, आणि आमची चंपा. चंपा म्हणजे गोल पाठीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली पांढरी गाडी. ती अजून चालते. आम्हीही चालतो.

रॅली म्हटलं की लोकांना वाटतं, धूळ उडवत सुसाट जायचं. तसलं काही नसतं हो! सांगितलेल्या वेगाने जायचं आणि ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या जागी हजर व्हायचं. उशीर झाला तर दंडाचे गुण, लवकर पोचलात तरी दंडाचे गुण. वेळेआधी आलेल्या पाहुण्याला दारात उभं करणाऱ्या गावाला हा खेळ न जमला तरच नवल. बाहेरून मोठमोठ्या गाड्या घेऊन लोक यायचे आणि आमच्या टुकार गाड्यांकडून मार खाऊन जायचे. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

आता दगडाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीचा मीटर थोडा इकडेतिकडे दाखवतो, म्हणून रॅलीआधी तो किलोमीटरच्या दगडांवर जुळवून घ्यावा लागतो. मी शाळेत गणित शिकवायचे. मांजरी गावाच्या पुढे सोलापूर रस्त्यावर मी ओळीने कितीतरी दगड मोजून चंपाचा आकडा, म्हणजे तिचा मीटर दर किलोमीटरला किती चुकतो तो, काढला होता. पण ऐन रॅलीत खानापूरच्या पुढे एक दगड माझ्या आकड्याआधीच आला. मी म्हटलं, दगड चुकलाय, सोडून द्या. हे रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर, सरकारी नोकर. म्हणाले, सरकारी दगड आहे, तो कशाला खोटं बोलेल? आणि माझा आकडा बाजूला ठेवून त्यांनी दगड धरला. आम्हाला वाटलं, आपण फार पुढे आलो, म्हणून वेग कमी केला, आणि उशिरा पोचलो. पहिला नंबर गेला.

खरं दुखणं पुढे आहे. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की दगड चुकीचा होता, आणि सगळे हसले. तेव्हापासून क्लबात कुणाची चूक झाली की ‘वहिनींचा दगड’. हे मात्र मिठाची गुळणी धरून बसले. खात्याचा दगड चुकला असं खात्याचा माणूस बोलेल कसा?

तर रविवारी सकाळी निघालो. तुम्हाला जायचं असेल तर उजाडताच सिंहगड रस्ता पार करा. नंतर तिथे गाडी चालवत नाहीत, उभी करतात. वडगावच्या आत पेट्रोल भरून घ्या आणि चंपासारखी गाडी असेल तर पाण्याचा कॅन जवळ ठेवा. खडकवासल्याला धरणाच्या कडेला सगळ्या गाड्या जमल्या होत्या; इथून पुढे रॅलीसारखीच वेळ मोजली जाणार होती. गरम कांदाभजी आणि चहा. भज्यांना तेल जास्त असतं, पण समोर एवढं पाणी पसरलेलं असताना तेलाचं कोण बघतं?

आमच्यात सर्वांत थोर गाडी बापूसाहेबांची. क्लबचे अध्यक्ष. वयाने ऐंशीच्या पुढे आणि गाडी त्यांच्याहून मोठी, पुढे हँडल मारून सुरू होणारी. त्यांचे वडील याच रस्त्याने मोटार आणायचे, तेव्हा एक माणूस आधी पळत जाऊन बैलगाडीवाल्यांना बैल धरायला सांगायचा. कुठल्या विहिरीचं पाणी रेडिएटरला चालतं, हेही वडिलांना पाठ होतं. बापूसाहेब हे दर वर्षी सांगतात आणि आम्ही दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो. या शहराने मोटार नुसती विकत घेतली नाही, ती उघडून बघितली, बिघडवली, दुरुस्त केली आणि शेवटी स्वतः बनवली, असं ते म्हणाले तेव्हा मला खरंच भरून आलं.

पण पुढच्याच वाक्याला त्यांनी ‘वहिनींचा दगड’ काढला. शेजारी स्नेहल नावाची मुलगी उभी होती. मूळची अमरावतीची, आयटीत नोकरी करते, नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच आली होती आणि गाडीत हिशेब तीच बघत होती. तिने विचारलं, “काकू, पण तो दगड कुणी चेक केला का?”

कुणीच केला नव्हता. मलाही कधी सुचलं नाही. मी म्हटलं, चल, आज बघूच. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दंड होऊ दे, आज तिथे थांबायचं. यांनी गाडीत बसताना दार जरा जोरात लावलं.

खानापूर सोडलं की रस्ता फार सुंदर आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे मधूनमधून पाणी. जुने दगड बहुतेक गेलेत, पण ओढ्यावरच्या मोरीपाशी आधीच्या किलोमीटरचा एक शाबूत उभा होता. तिथून स्नेहलने मोबाइलवर मोजायला सुरुवात केली आणि तिची गाडी आमच्या मागे. माझी नजर मीटरवरून हटत नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू. दगड बरोबर निघाला असता तर मरेपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं.

दगड दिसला. एका छपराच्या हॉटेलापुढे, रंग उडालेला, पण आकडा अजून वाचता येणारा. स्नेहल मोबाइल नाचवत खाली उतरली. किलोमीटर भरायला पुढचं अख्खं शेत बाकी होतं!

हॉटेल ताराबाईंचं. आम्ही सगळे दगडाभोवती का जमलोय ते त्यांना कळेना. मी विचारलं, हा इथे कधीपासून?

“त्यो व्हय? माझ्या लग्नाच्या आधीपास्नं हितंच हाय,” त्या म्हणाल्या. “रस्त्याच्या कामात पल्याड उपटून पडला व्हता. सासऱ्यांनी बैल लावून आणला. पाव्हण्यांना बसाया बरा.”

मी मोठ्याने हसले. ताराबाईंचा नातू नोकरीला लागलाय, म्हणजे लग्न रॅलीच्या बरंच आधीचं. हे मात्र हसले नाहीत. त्या दगडावर जाऊन बसले. ताराबाईंनी चहा दिला, तो हळूहळू प्यायले. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाले, “बसू दे जरा.” मागच्या गाड्या एकेक करून पुढे गेल्या. वेळेबाबत हा माणूस असा कधीच वागलेला नाही.

पानशेतच्या अलीकडे शेवटच्या ठिकाणी पोचलो तेव्हा वेळ लिहिणारी मंडळी टेबल आवरत होती. आमचा नंबर अर्थातच शेवटचा. जेवण तिथेच झाडाखाली. पिठलं, भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. पोट फुटेस्तोवर जेवा, शहरातल्या एका पिझ्झ्याएवढंही बिल होत नाही. फक्त आधी फोन करून सांगा, नाहीतर भाकरी संपतात.

निकाल वाचून झाला. बापूसाहेब आमच्याकडे बघून मिश्किल हसले आणि म्हणाले, काय वहिनी, आजही दगडच का?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे उठले. या माणसाला मी लग्नसमारंभातही उभं राहून बोलताना पाहिलेलं नाही.

“आजचा उशीर माझा,” हे म्हणाले. “आणि तेव्हाचाही माझाच. हिने तेव्हाच सांगितलं होतं, दगड चुकलाय. हिचा आकडा बरोबर होता. मी ऐकलं नाही आणि नंतर गप्प बसलो.”

कुणी हसलं नाही. बापूसाहेब काठी टेकत उठले, माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. मी दह्याच्या मडक्यात बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडू फुटलं असतं.

परतताना कुणीतरी सुचवलं, की दगड क्लबात आणून ठेवू. ताराबाईंनी साफ नाही म्हटलं. पाव्हणे बसणार कशावर? बरोबरच आहे. तुम्ही गेलात तर तिथे चहा घ्या आणि त्या दगडावर जरूर बसा. फक्त मीटर त्याच्यावर जुळवू नका.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललात? हे चंपावर कापड घालत होते. म्हणाले, खात्याची लाज राखत होतो. मग म्हणाले, तुझी राखायला हवी होती. मी दुसरी बाजू धरून कापड नीट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलीकडे विश्रांतवाडीला जायचं होतं. यांनी गाडी सुरू केली, पण हलवली नाही. मी म्हटलं, काय झालं?

“तुझा आकडा सांग,” हे म्हणाले. “मग निघू.”