बरणीतला बाप

मांजरसुंब्याहून केजला जाणाऱ्या काळीपिवळीत माझ्या शेजारी पैलवानी अंगाचा, झुपकेदार मिशांचा एक मामा बसला होता. मांडीवर काचेची बरणी. आत निळा फायटर मासा, पाण्यावर त्यानेच तोंडाने केलेला बुडबुड्यांचा फेस आणि त्याला चिकटलेली, डोळे ताणले तरच दिसणारी पिल्लं.

"लेक सासरी गेली अन् तिचा मासा माझ्या गळ्यात पडला. जोडीला मादी सोडली, अंडी झाल्यावर काढली. आता पिल्लं झाली, तर लेकीला दाखवाया चाललोय."

ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "मामा, परवाबी गेलता की लेकीकडं."

"परवा पिल्लं न्हवती."

तेवढ्यात गतिरोधक आला. जीप उडाली, फेस फुटला आणि पिल्लं तळाकडे निघाली. मामाचा चेहरा उतरला. मासा झेपावला आणि एक पिल्लू तोंडात गेलं.

"खाल्लं की त्यानं," मागची म्हातारी कळवळली.

"खात न्हाई, मावशे. उचलायलाय."

खरंच, माशाने वर येऊन पिल्लू उरल्या फेसात अलगद ठेवलं आणि पुन्हा खाली सूर मारला. साऱ्या जीपने बरणीत माना घातल्या. ड्रायव्हर कुणी न सांगता बैलगाडीच्या चालीने हाकू लागला.

"पिल्लं मोठी झाल्यावर काय?" मी विचारलं.

"पोहाया लागली तरी ह्यो उचलतच बसतो. मग ह्यालाच बाहीर काढावं लागतं." मामाने मिशीवरून हात फिरवला. "जीव होत न्हाई."

केजला लेक स्टँडवर उभी होती. तिने आधी दंडाला धरून बापाला उतरवलं, मग बरणी घेतली.