बोटीनं काय मागवू?

साठच्या दशकात मी कतारमध्ये, दोहा शहराबाहेरच्या एका कामगार छावणीत कारकून होतो. पिण्याच्या पाण्याबद्दल कामगारांना विचारून ये, असं साहेबानं फर्मावलं. ‘पाण्याची काही तक्रार?’ असं मी दिवसभर विचारत फिरलो. सगळे ‘नाही’ म्हणाले. तक्रारखोराला परत पाठवतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

संध्याकाळी दाढीला बसलो. न्हावी रत्नागिरीकडचे, वयस्कर. सगळे त्यांना नुसतं चाचा म्हणत. वस्तरा तळहातावर घासत त्यांनी माझं गाऱ्हाणं ऐकून घेतलं.

“बाबा, आम्ही घरच्या पत्रातही ‘खुशाल आहे’ एवढंच लिहितो. तुला कोण खरं सांगेल? त्यापेक्षा मुंबईच्या बोटीनं काय मागवू, ते विचार.”

दुसऱ्या दिवशी तसंच विचारलं. मला वाटलं, सुकट आणि लोणचं सांगतील. बहुतेकांनी पोटदुखीचं औषध सांगितलं. ती यादी वाचून साहेबानं पाण्याची टाकी उघडून पाहिली. महिन्याभरात ती बदलली.

उपकार फेडावेत म्हणून मी चाचांकडे गेलो.

“चाचा, तुम्हाला बोटीनं काय मागवू?”

त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“काही नको, बाबा. मी खुशाल आहे.”