चावडीसमोर उघडलेली सायकल

जुनी सायकल ओळखायची असेल तर रंगावर जाऊ नका. रंग काय, कोणीही फासतो. तिचा चकाकणारा भाग उन्हात धरा. निकेल असेल तर त्यावर पिवळसर झाक दिसते, पातळ तुपासारखी. क्रोम निळसर पांढरं असतं, डोळ्यांत खुपतं. आमच्या बाबांची सायकल निकेलची होती, म्हणजे क्रोम यायच्या आधीची, विलायतेत घडलेली. हे मला बाबांनी शिकवलं, आणि मी ते देऊळघाटच्या चावडीसमोर झाडून साऱ्या पुरुषांच्या तोंडावर सांगितलं. तेव्हापासून गावानं मला भांडखोर ठरवलं. ठरवोत बापडे. होतेच मी भांडखोर.

ती सायकल बाबांनी मलकापूरला एका कापसाच्या जिनिंगच्या साहेबाकडून घेतली होती. साहेब आपल्या देशाला परत निघाला होता आणि घरातलं सामान काढत होता. रस्त्यावर पळवायची हलकी सायकल होती ती. कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. गावातली पोरं बाबांना पाहून ‘मेंढा आला, मेंढा आला’ ओरडायची. बाबा हसायचे आणि घंटी वाजवायचे.

सुटीच्या दिवशी ते अंगणात सायकल उलटी उभी करायचे आणि मला जवळ बसवायचे. सीटखालच्या जोडावर ठोकलेला नंबर दाखवायचे. नळ्यांच्या जोडांच्या कडा कशा घासून पातळ केल्यात ते बोटानं चाचपायला लावायचे. चाकाच्या मधोमध हबवर तेल सोडायचं भोक होतं, त्यावर एक छोटी फिरती झाकणी होती. ती झाकणी फिरवायचं काम माझं. “हे सारं तिच्यासंगं आलं,” बाबा म्हणायचे. “घंटी अन् पायडल म्या बदलले. ध्यानात ठेव, कोणतं तिचं अन् कोणतं आपलं.” मी ध्यानात ठेवलं. मला काय माहीत, ते असं कामी येईल म्हणून!

मी शाळेत असतानाच बाबा तापानं गेले. सायकल भिंतीला टेकून राहिली. तिच्यावर मी अंगणात पडत-झडत शिकले, मॅट्रिक झाले आणि बुलढाण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव घातलं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. जिकडेतिकडे शाळा निघत होत्या, मास्तरणी पाहिजे होत्या. देऊळघाटहून एस.टी. होती, पण तिची वेळ तिची आणि कॉलेजची वेळ कॉलेजची. मग काय, लुगड्याखाली बाबांचा पायजमा चढवला आणि निघाले. बाया दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावायच्या. म्हातारे थुंकायचे. मी घंटी वाजवायची.

सगळ्यात जास्त पोटात दुखलं ते मोठेबाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या. “पोरगी सायकलवर हिंडून राह्यली तं सोयरीक कोण करीन?” असं ते भेटेल त्याला सांगत. माय त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. भासऱ्यासमोर भावजयीनं तोंड उघडायचं नाही, पदर खाली ओढून बाजूला व्हायचं, ही आमच्याकडची रीत. बाबा गेल्यावर दसऱ्याच्या पूजेलाही तिनं हात लावायचा नाही, हेही मोठेबाबांनीच ठरवलं. “पांढऱ्या कपाळानं कुंकवाले हात नको,” म्हणाले. तेव्हापासून दसऱ्याला विळे, पाभर, सायकल, साऱ्यांना हळद-कुंकू मी लावायची. सायकलच्या हँडलवर बोटं टेकवायची आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकायची. कॉलेजच्या पोरी हसतात म्हणून.

दिवाळीच्या सुटीत मोठेबाबा दारात आले. त्यांच्या पोराला मुलगी पाहायला जायचं होतं. “सायकल दे चार दिवस. त्याची जड हाय, तुमची हलकी चालते.” माय आतून काही बोलली नाही, म्हणजे द्यावीच लागली. चार दिवस म्हणता म्हणता सुटी संपत आली. कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला सायकल परत आली. धुतलेली, पुसलेली, काळीभोर. मला वाटलं, चला, माणूस वाटतो तितका वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी गाव सोडलं आणि कळलं. सायकल पुढं जाईचना! मागचं चाक डुलत होतं, करकरत होतं, सीट मांड्यांना घासत होती. मी खाली उतरले आणि चाकाकडे पाहिलं. हब निळसर पांढरा. झाकणी नाही. सीट नवी, कडक, आणि तिचा दांडा नळीत बसत नव्हता म्हणून भोवती पत्र्याची पट्टी कोंबलेली. हँडल आमचं, सांगाडा आमचा, नंबर आमचा. बाकी सायकल कोणाची?

कॉलेजात पोचले तेव्हा दोन तास होऊन गेले होते. आमच्या मुख्य बाई कडक. त्याच आठवड्यात पुन्हा उशीर झाला तेव्हा म्हणाल्या, “यापुढे उशीर झाला तर नाव कमी करीन. घरी बसलेली बरी.” घरी बसलेली बरी! बरोबर हेच शब्द मोठेबाबांनाही पाहिजे होते.

घरचं माणूस म्हणून धरलेला दम सुटला. मी थेट त्यांच्या गोठ्यात गेले. त्यांच्या पोराची सायकल तिथं उभी. तीही काळीच. पण चाकं पिवळसर, हबला झाकणी, सीट बाबांची. बाबांचा एक पाय किंचित आखूड होता, म्हणून सीटचं चामडं एका बाजूला दबलेलं. मी म्हटलं, “मोठेबाबा, चाकं अन् सीट आमची हाय.”

“सायकल नेली होती, सायकल वापस केली,” ते म्हणाले. “पाह्य, तेच हँडल, तोच नंबर. जड जात असंन तं घरी बस. कोणी सांगतलं होतं हिंडाले?”

अंगाची लाही लाही झाली. मी सायकल ढकलत चावडीवर गेले आणि पोलीसपाटलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, घरचं भांडण घरात मिटवा. मी चावडीच्या पायरीवर सायकल आडवी घातली आणि बाजूला बसले. म्हटलं, मिटेपर्यंत उठत नाही, कोणाले वर जायचं असंन तं सायकल वलांडून जा. दुपारपर्यंत कोणी ओलांडली नाही. शेवटी पाटलांनी वैतागून मोठेबाबांना निरोप धाडला, दुसरी सायकल घेऊन या म्हणून.

सायकल दुरुस्तीवाले मिस्त्रीचाचा समोरच बसायचे. भाग त्यांनीच बदलले असणार. मी पाना मागितला. “पाना घे बेटा,” ते हळूच म्हणाले, “गवाही नको मांगू. दोन्ही सायकली एका घरातल्या म्हणून सांगतलं मले. म्या भाग बदलून देले.” मी म्हटलं, गवाही माझी मी देते.

तोवर मोठेबाबा आणि त्यांचा पोरगा दुसरी सायकल घेऊन आले, माणसं जमली. मी दोन्ही सायकलींची चाकं उन्हाकडे वळवून निकेल आणि क्रोम दाखवलं. झाकणी फिरवून दाखवली. मोठेबाबा हसले. “जुनी चाकं अन् सीट म्या मलकापूरच्या बाजारातून आणली. सारं एकाच माणसाकून घेतलं. इंग्रजांनी एकच सायकल बनवली काय?” माणसंही हसली.

मी पत्रा कोंबलेली सीट काढून फेकली. तिकडे ठोकून बसवलेली बाबांची सीट दांड्यासकट सोडवली आणि आमच्या नळीत घातली. पत्र्याशिवाय, ठोकाठोकीशिवाय ती सरळ आत उतरली. “पाहा!” मी ओरडले. मोठेबाबा म्हणाले, “अवं, दुसऱ्याचा जोडा पायात बसला म्हणून आपला होते काय?” आणि पुन्हा हशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडायचं नाही, असं दातओठ खाऊन बसले होते, तरी आलं. बाबांनी शिकवलेलं सगळं सांगून झालं होतं आणि कोणी ऐकत नव्हतं.

“पाटील,” मागून आवाज आला.

माय होती. डोक्यावरून पदर घेतलेला, मोठेबाबांकडे पाठ, तोंड पाटलांकडे. चावडीसमोर ती उभ्या आयुष्यात आली नव्हती. “सीट अजून उलटी नाही केली कोणी. कराच्या आधी माह्यं ऐका. चामड्याले खालून, पुढच्या टोकाले, हळद-कुंकवाची बोटं हायेत. एकावर एक. हे गेले तवापासून दर दसऱ्याची.”

पाटलांनी सीट ओढून काढली आणि उलटी केली. होती! काळपट लाल थर, खपलीसारखा जाड. त्यांनी नखानं खरवडलं, तर खालून लालभडक निघालं, आणि त्याच्याही खाली पिवळं. मी वेड्यासारखी पाहत राहिले. मी वरचं पुसत होते, आणि ही खालून लावत होती!

“तू लावलं?” मोठेबाबा किंचाळले. “विधवा बाईनं?”

मायनं मान वळवली नाही. “हाव. पाटील, भासऱ्यायनं मले मना केलं होतं म्हणून वरून नाही लावलं. धनी मेला माहा, सायकल नाही मेली. माही पोरगी जाते तिच्यावर. तिले काही झालं तं कोणाले इचारू मी? म्हणून लावलं. अन् लावीन.”

कोणी हसलं नाही. पाटील मोठेबाबांना म्हणाले, “सारं एकाच माणसाकून घेतलं म्हणता. सीट तं या मायलेकीची निंघाली. मंग चाकं कोणाची?” मोठेबाबांनी धोतराचा सोगा झटकला आणि चालते झाले. त्यांचा पोरगा खाली मान घालून त्यांच्या मागं गेला.

चाकं मीच काढली आणि मीच बसवली. मिस्त्रीचाचा येऊन सांगाडा धरून उभे राहिले. शेवटचा नट आवळला तेव्हा माय म्हणाली, “घरून करंडा आण.” मी पळत जाऊन कुंकवाचा करंडा आणला. तिनं तो सगळ्यांसमोर उघडला. पारावरचा एक म्हातारा पुटपुटला, “आज काय दसरा हाय?”

“हाव,” माय म्हणाली. “माहा आजच हाय.”

आणि हँडलच्या वरच्या बाजूला, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशा जागी, तिनं आधी हळदीचं आणि मग कुंकवाचं बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या घंटेआधी कॉलेजात पोचले. पोरी हसल्या. मी ते पुसलं नाही.